बाळंतपणाआधी स्वयंपाकघरात कोबा घालू का?

इंग्लंडातल्या लेस्टरहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने १९३०च्या दशकातलं एक सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. मागच्या बाजूला चार बाय तीन मीटरचं स्वयंपाकघर आहे, त्यात काँक्रीटवर बसवलेल्या लाल मातीच्या जुन्या फरशा. पुढच्या बैठकीच्या खोलीत लाकडी फळ्या आणि वर कार्पेट. हिवाळ्यात दोन-दोन मोजे घालूनही पाय गारठतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिलं बाळ यायचं आहे आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. आई बाळाला पायांवर घेऊन तेल लावणार, न्हाऊ घालणार, म्हणजे जमिनीवर बसणार.

नवऱ्याने व्हिडिओ बघून बेत आखला आहे. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या तीन दिवसांत स्वयंपाकघराची जमीन फोडायची, इन्सुलेशनचे बोर्ड टाकायचे, गरम पाण्याचे पाइप फिरवायचे, वर स्क्रीड, म्हणजे तिथला कोबा, घालायचा आणि सप्टेंबरअखेर टाइल्स बसवायच्या. मग पुढच्या खोलीच्या फळ्या काढून, खाली भर घालून तिथेही तेच. सेलमध्ये मिळाले म्हणून १०० मिलिमीटरचे बोर्ड गॅरेजमध्ये येऊन पडलेसुद्धा. ठेकेदारीत हयात घालवलेले बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "थर्माकोलवर कोबा? खचेल तो. आणि आठ दिवस पाणी साचवल्याशिवाय पुढे हात लावू नका." मैत्रीण विचारते: वाळू-सिमेंटचा स्क्रीड बरा की ओतायचा पातळ? आणि नवऱ्याला थांबवू का?

---

आधी अभिनंदन. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देते: हो, थांबवा. बेत वेडगळ आहे म्हणून नव्हे. स्वयंपाकघरापुरता तो चांगला आहे, त्यात मला खोट काढायची नाही. अडचण आहे ती तारखेची, आणि तुम्हा दोघांनी गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टींची.

तुम्ही लिहिता, "आमची जमीन बर्फासारखी आहे." मोजून पाहिली आहे का? वीसेक पौंडांत लांबून तापमान दाखवणारा छोटा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. एखाद्या थंड सकाळी तो स्वयंपाकघरातल्या फरशीवर रोखा, मग बैठकीच्या खोलीतल्या उघड्या फळीवर. दोन्हीकडे १७ अंश दिसले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. फरशी पायातली ऊब झपाट्याने ओढून घेते, लाकूड सावकाश. म्हणून एकाच तापमानाची फरशी गार लागते आणि फळी लागत नाही. आपण मे महिन्याच्या दुपारी शहाबादीवर उघड्या अंगाने लोळायचो ते याच गुणासाठी. तोच गुण लेस्टरच्या जानेवारीत अंगावर येतो.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. बाहेर वारा असेल त्या दिवशी पुढच्या खोलीत स्कर्टिंगच्या कडेने, फळ्यांच्या फटींवरून पेटती उदबत्ती हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर तिथून गार हवा आत येते आहे, आणि तुमचे पाय जमिनीमुळे कमी आणि या झुळकीमुळे जास्त गारठताहेत. १९३०च्या घरांत बहुतेक वेळा धूर पळतो. त्याला स्क्रीड लागत नाही. फटी बुजवायला लागतात.

हे सांगण्याचं कारण असं की तुमच्या घरात जमिनी दोन आहेत आणि दोघींचे रोग वेगळे आहेत. मागची भरीव, तिची ऊब खाली मातीत जाते. पुढची पोकळ, तिच्या खालून वारा वाहतो. तुमच्या नवऱ्याने दोघींना एकच औषध लिहून दिलं आहे.

पुढच्या खोलीचं आधी बोलू, कारण तिथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षं छळेल. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत भोकांच्या विटा दिसतात ना? त्यांतून हवा फळ्यांखालच्या पोकळीत शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. त्या हवेमुळे खालच्या तुळया कोरड्या राहतात, कुजत नाहीत. पुढच्या बाजूने आलेल्या हवेला मागे बाहेर पडायचं असेल तर वाटेत तुमचं भरीव स्वयंपाकघर आडवं येतं. म्हणून अशा घरांत पुष्कळदा स्वयंपाकघराच्या काँक्रीटखालून भाजक्या मातीचे पाइप मागच्या भिंतीपर्यंत नेलेले असतात. मागच्या भिंतीतही जमिनीलगत जाळीच्या विटा असतील तर ते पाइप आहेत असंच समजा. ब्रेकर चालवणाऱ्या माणसाला ते जुन्या भंगारासारखे दिसतात आणि तो ते मलब्याबरोबर फेकून देतो. पुढची दोन-तीन वर्षं काही कळत नाही. मग एक दिवस सोफ्याचा पाय फळीतून खाली जातो. तेव्हा पुढची खोली भरून काढायचा विचार सोडा, आणि स्वयंपाकघर कधी फोडाल तेव्हा ते पाइप शोधून, जपून, गरज पडली तर नवे टाकून चालू ठेवा.

आता मागची जमीन. इथे नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. इन्सुलेशन न घालता नुसते गरम पाण्याचे पाइप काँक्रीटवर टाकणं म्हणजे लेस्टरची माती तापवणं. आणि "जाड काँक्रीट आहे, तेच ऊब धरेल" असं कुणी सांगितलं तर त्याला हा हिशेब ऐकवा: तुमच्या गॅरेजमधल्या १०० मिलिमीटरच्या पीआयआर (कडक फोमच्या) बोर्डाइतका अडसर काँक्रीटने करायचा तर ते जवळजवळ सहा मीटर जाड लागेल. शिवाय अशा जमिनीतली ऊब मधून कमी आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या कडेने जास्त जाते. म्हणून खाली बोर्ड घालून कडेला उभी पट्टी न लावणं म्हणजे रजई पांघरून पाय बाहेर ठेवणं. भिंतीलगत चारही बाजूंनी २५ मिलिमीटरच्या बोर्डाची पट्टी स्क्रीडच्या पूर्ण उंचीइतकी उभी राहिली पाहिजे. व्हिडिओत ती दहा सेकंदांत उरकतात, कारण ती दिसायला काहीच नसते.

पण किती खोल जायचं आहे याचा हिशेब त्या व्हिडिओत असतो का? सगळंच नवीन करायचं धरलं तर खालून वर मोजा: सोलिंग (खालची दगडांची भर) १५०, काँक्रीट १००, बोर्ड १००, स्क्रीड ६५, टाइल आणि चिकटवण १५. झाले ४३० मिलिमीटर. बारा चौरस मीटरला पाच घनमीटरच्या वर खोदाई, वजनात दहा टनांच्या आसपास. फोडलेला माल फुगतो, त्यामुळे नेहमीच्या आठ यार्डी स्किपमध्ये, म्हणजे मलबा नेण्याच्या भाड्याच्या डब्यात, तो एका खेपेत मावणार नाही. हे सगळं दोन मित्र, एक भाड्याचा ब्रेकर आणि घमेली घेऊन तीन दिवसांत? मी साइटवर वीस वर्षं काढली आहेत. मित्र दुसऱ्या दिवशी दुपारी येत नाहीत.

आणि खोदताना पाया उघडा पडता कामा नये. त्या काळातले पाये आजच्या मानाने उथळ असतात. भिंतीखालचं पायाचं काँक्रीट जिथे संपतं त्याच्या खाली जायचं नाही, हा नियम. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असल्याने १९९६चा पार्टी वॉल कायदाही लक्षात ठेवा: शेजाऱ्याच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर त्याला आधी नोटीस द्यावी लागते. तुम्हाला बहुधा तेवढं खोल जायची वेळ येणार नाही, पण ते "बहुधा" कुदळ मारण्याआधी तपासायचं असतं.

कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवणंही आलं. इंग्लंडात जमीन अशी मुळापासून नवी केली की ती ठरावीक दर्जाची असावी लागते. जुन्या घरातल्या जमिनीसाठी यू-व्हॅल्यू (ऊब किती निसटते त्याचा आकडा, जितका कमी तितका बरा) ०.२५ किंवा त्याहून कमी. तुमच्या १०० मिलिमीटरच्या बोर्डाने ते सहज जमेल. लोक कळवत नाहीत, आणि मग घर विकताना वकिलाच्या पत्रांना उत्तरं देत बसतात.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते, आणि तुमच्या अवस्थेत तर दुप्पट आग्रहाने. लाल फरशा मातीच्या आहेत, त्यांची भीती नाही. पण अशा घरांत मधल्या काळात कुणी ना कुणी वरून किंवा शेजारच्या पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या टाइल्स काळ्या डांबरी चिकटवणीने बसवलेल्या असतात. त्या टाइलांत आणि त्या काळ्या चिकटवणीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. काळं काही दिसलं की थांबायचं, तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा, उत्तर येईपर्यंत खरवडायचं नाही. आणि नुसतं काँक्रीट फोडतानाही जी बारीक पांढरी धूळ उडते ती सिलिकाची असते, फुफ्फुसात बसते. सातव्या महिन्यात त्या घरात राहायचं नाही. दार लावून वरच्या मजल्यावर बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

आता बाबा. बाबांवर हसू नका, त्यांचे दोन्ही मुद्दे जाणत्याचे आहेत. फक्त मुलूख बदलला आहे.

"खचेल" हा पहिला. पॅकिंगचं थर्माकोल डोळ्यांसमोर आणलं तर त्यांचं बरोबरच आहे. जमिनीचे बोर्ड वेगळे. जमिनीसाठी विकल्या जाणाऱ्या साध्या पांढऱ्या बोर्डाच्याही नावातच आकडा असतो: ईपीएस ७० म्हणजे चौरस मीटरला साधारण सात टन दाबाखाली तो दहा टक्के दबतो. पीआयआर त्याहून कणखर. घरातल्या जमिनीचा हिशेब करताना आपण चौरस मीटरला दीडशे किलो धरतो. म्हणजे बोर्ड दबून कोबा खचत नाही. खचतो तो बोर्ड डुगडुगतो तेव्हा. खालचं काँक्रीट उंचसखल असेल आणि बोर्ड दोन टेकाडांवर टेकला असेल, तर मधल्या पोकळीवर स्क्रीडला तडा जातो. म्हणून बोर्ड टाकल्यावर प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांवर टाच टेकवून बघा. हलला की उचला, खाली बारीक वाळू पसरा, पुन्हा टाका. हे कंटाळवाणं काम आहे आणि हेच खरं काम आहे.

आपला कोबा आणि हा स्क्रीड यांत एक फरक बाबांना नीट समजावून सांगा, त्यांना आवडेल. आपल्याकडे कोबा खालच्या सोलिंगला किंवा स्लॅबला धरून बसतो. इथे खाली बोर्ड, वर प्लास्टिकचा कागद. स्क्रीडला धरायला खाली काहीच नाही, तो तरंगतो. त्यामुळे त्याला स्वतःच्या बळावर पातळ स्लॅबसारखं वागावं लागतं. म्हणून वाळू-सिमेंटचा तरंगता स्क्रीड घरात ६५ मिलिमीटरच्या खाली नेत नाहीत. "जरा दीड इंचात भागवू, उंची वाचेल" असं नवरा म्हणाला तर हे कारण. तो मधला प्लास्टिकचा कागदही वगळायचा नाही: ओल्या सिमेंटचा क्षार बोर्डावरचा चांदीसारखा पत्रा खातो, आणि माल बोर्डांच्या सांध्यांत उतरला की ऊब जायला तिथून वाटच होते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. इथेच तुमची सप्टेंबरअखेरची तारीख कोसळते. कोबा पकणं वेगळं आणि वाळणं वेगळं. आपल्याकडे ऊन इतकं की सिमेंट पकायच्या आत पाणी उडून जातं, म्हणून आळी करून पाणी साचवायचं. चुन्याच्या काळात तर गच्चीवर थाप्यांनी दिवसच्या दिवस कोबा चोपायचे, वरून गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपडत. इथे तेच काम प्लास्टिकचा कागद करतो: घातल्यापासून सात दिवस स्क्रीड पूर्ण झाकून ठेवायचा, आतलं पाणी आतच राहू द्यायचं. वरून साचवायची गरज नाही. हे झालं पकणं.

त्यानंतर कागद काढला की वाळायला सुरुवात. आणि खाली प्लास्टिक, बाजूला बोर्ड, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, वर. ठोकताळा असा: पहिल्या ५० मिलिमीटरना दिवसाला एक मिलिमीटर, त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन दिवस. ६५ मिलिमीटरना ५० अधिक ३०, ऐंशी दिवस. तेही खोली उबदार आणि हवा कोरडी असताना. तीन दिवसांच्या खोदाईला खरे दोन आठवडे लागले, नवं काँक्रीट, मग स्क्रीड असं धरलं तर सप्टेंबरची वीस तारीख उजाडते. अधिक सात, अधिक ऐंशी. डिसेंबरचा मध्य. तुमच्या घरात महिन्याभराचं बाळ, ओला कोबा, बंद खिडक्या, वाळत घातलेली दुपटी आणि हवेत सुटणारं दीड टन मालातलं पाणी. आईने शेक-शेगडी कुठे मांडायची?

घाई केली तर काय होतं ते मी माझ्याच घरात पाहिलं आहे. इथे आल्यावर पहिल्या घरात ७० मिलिमीटरचा स्क्रीड घातला होता. वरून हाताला कोरडा, रंग पांढुरका, टिचकी मारली की खणखणीत. पाचव्या आठवड्यात मी त्याच्यावर ओकच्या फळ्या बसवायला होकार दिला. मी, जिने पुण्यात लोकांना "पाणी मारलं का, थांबलात का" म्हणून दरडावलं होतं. दिवाळीच्या फराळाला पाहुणे आले तोवर प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर उचलल्या होत्या, पापड भाजताना उचलतात तशा. अनवाणी चालताना तळव्याला त्या रेघा एकेक लागायच्या. सगळ्या काढाव्या लागल्या. तेव्हापासून मी हाताच्या स्पर्शावर विश्वास ठेवत नाही. स्क्रीडवर झाकण लावून ठेवायचा आर्द्रतामापक मिळतो. तो ७५ टक्के किंवा त्याखाली आल्याशिवाय लाकूड किंवा विनाइल बसवायचं नाही. टाइल्स थोडं जास्त सोसतात, म्हणून टाइलवाले घाई करायला लावतात.

तुम्ही विचाराल, मग तो ओतायचा पातळ स्क्रीड? बहुतेक वेळा तो सिमेंटचा नसून कॅल्शियम सल्फेटचा असतो, म्हणजे जिप्समच्या घराण्यातला. पंपाने येतो, पाण्यासारखा पसरतो, पाइपांना सगळीकडून मिठी मारतो, ५० मिलिमीटरमध्ये भागतो. आठवड्याने पाइपांतून हळूहळू गरम पाणी सोडून वाळवायला सुरुवात करता येते. सिमेंटच्या स्क्रीडला तीच गोष्ट करायला तीन आठवडे थांबावं लागतं. मोठ्या, मोकळ्या खोल्यांत मी डोळे मिटून तोच सांगेन. पण त्याचे नखरे आहेत. वर दुधाच्या सायीसारखा एक कच्चा थर येतो, तो घासून काढावाच लागतो. टाइलची सिमेंटची चिकटवण थेट लावली तर दोघांचं पटत नाही, मधे प्रायमर लागतो. आणि पाण्याशी त्याचं वैर: बाबांनी प्रेमाने आठ दिवस पाणी साचवलं तर त्याचा लगदा होईल. बारा मीटरच्या स्वयंपाकघरासाठी पंपाची गाडी बोलावणं महागही पडतं. तुमच्यासाठी मी वाळू-सिमेंटचाच सांगते.

तो नवऱ्याने स्वतः करावा का, तर पूर्ण नाही. बोर्ड कापणं, बसवणं, सांध्यांना टेप, कडेच्या पट्ट्या, प्लास्टिकचा कागद भिंतीवर चढवून घेणं, हे सगळं त्याने करावं. तो ते भाड्याच्या माणसापेक्षा बरं करेल, कारण पाय त्याचे आहेत. स्क्रीड मात्र रोज स्क्रीड घालणाऱ्याकडून घालून घ्या. खोली त्याच्यासाठी अर्ध्या दिवसाची. माल कोरडसर असतो, आणि साध्या फिरत्या ड्रमच्या मिक्सरमध्ये त्याच्या गोळ्या होतात. त्याला आतून रगडणारा मिक्सर लागतो. रेती जाड, धारदार. प्लास्टरची मऊ वाळू नव्हे. आणि परीक्षा अगदी आपल्या घरातली: मूठभर माल घेऊन लाडू वळा. वळला पाहिजे, फोडला तर दोन तुकडे व्हायला हवेत, आणि हात ओला होता कामा नये. तूप कमी पडलेल्या बेसनासारखा भुरभुरला तर सिमेंट पकायला पाणी नाही. बोटांतून पाणी निथळलं तर वाळताना आक्रसून तडे. माणूस माल पसरून नुसता रंधा ओढून वरून गुळगुळीत करत असेल तर त्याला थांबवा. दोन थरांत, प्रत्येक थर चोपून. वरून आरसा आणि खाली भुसा असा स्क्रीड मी खूप पाहिला आहे. फ्रिजच्या पायाखाली तो पहिल्यांदा बसतो. नवऱ्याने हौसेने मदत केलीच तर गुडघ्यांना पाणी न झिरपणाऱ्या गाद्या आणि हातमोजे घालायला लावा. ओलं सिमेंट पँटमधून गुडघा भाजतं, आणि भाजल्याचं संध्याकाळी कळतं.

पाइपांबद्दल थोडक्यात. कपाटांखाली ते टाकत नाहीत, त्यामुळे तुमच्या बारा मीटरांतले सहा-सातच तापतील. पायाखाली २९ अंशांच्या वर जमीन नेत नाहीत, आणि २० अंशांच्या खोलीत अशी जमीन चौरस मीटरला फार तर १०० वॅट देते. म्हणजे खोली किती ऊब मागते ते मोजल्याशिवाय रेडिएटर काढायची घाई नको. पाइपांतलं पाणी ३५ ते ४५ अंशांवर चालतं, पुढे कधी हीट पंप लावलात तर ते पथ्यावर पडेल. माझं विचाराल तर उद्या पैसे कमी पडले, तर पाइप सोडा, बोर्ड सोडू नका.

मग या हिवाळ्याचं काय? आई तेल कुठे लावणार आहे? स्वयंपाकघरात नाही ना? पुढच्या खोलीतच. मग ऑक्टोबरच्या आत ती खोली उबदार करा. त्याला पाण्याचा थेंब लागत नाही आणि वाळायला एक दिवसही लागत नाही. कार्पेट उचलून फळ्या काढायच्या, तुळयांवरून जाळी झोळीसारखी सोडायची, त्या झोळीत लोकरीसारखं इन्सुलेशन तुळयांच्या पूर्ण उंचीइतकं भरायचं, फळ्या परत ठोकायच्या, स्कर्टिंगखालची आणि फळ्यांमधली फट बुजवायची. जाळीच्या विटा उघड्याच ठेवायच्या. थंडी वाजते म्हणून त्या बाहेरून बुजवणारे महाभाग आहेत. दोन वीकेंडचं काम, आणि हे नवऱ्याला स्वतःला येण्याजोगं. फळ्या काढताना तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर आधी तो प्रश्न सोडवायचा. वर जाड फेल्टचं अस्तर आणि कार्पेट, त्यावर सतरंजी आणि पाट. आईला एवढं पुरेल. स्वयंपाकघरात या वर्षी ओट्यासमोर रबरी पाठीची जाड पट्टी आणि सगळ्यांना घरात घालायच्या सपाता. आई आधी नाक मुरडेल, जानेवारीत स्वतःहून मागेल.

कोबा पुढच्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये आई-बाबा परत जातील. जूनमध्ये तुम्ही सात महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी महिना-दीड महिना जाऊन या. तेवढ्यात धूळ, खोदाई, काँक्रीट, स्क्रीड आटोपेल, आणि लेस्टरच्या खिडक्या उघड्या ठेवता येतील असे थोडे दिवस त्याला वाळायला मिळतील. रांगतं बाळ आणि उघडा खड्डा एका घरात नको. बोर्डांची चिंता नको, गॅरेजमध्ये आडवे, कोरडे, उन्हाबाहेर ठेवले तर टिकतात.

तुमच्यासारखीच आणखी पत्रं येतात, म्हणून जाता जाता: जर्मनीत फ्लॅट घेतलेल्यांच्या पायाखाली बहुधा इन्सुलेशनवर तरंगणारा स्क्रीड आधीच असतो, कारण तिथे तो खालच्या मजल्यावर जाणारा आवाज अडवायलाही लागतो, त्यात आरपार खिळे ठोकू नका, आत पाइप असू शकतात. व्हिक्टोरियन काळातलं, चुन्याच्या भिंतींचं घर असेल तर प्लास्टिक आणि सिमेंटच्या आधी चुन्याच्या काँक्रीटची माहिती काढा, नाहीतर जमिनीतली ओल भिंतींत चढते. आणि पुण्याहून "आम्हीही घालावा का" विचारणाऱ्यांना: तुमची ऊब खालून जात नाही, वरून येते. पैसे गच्चीवर घाला.

राहता राहिला तो बँक हॉलिडे. नवऱ्याने ब्रेकर भाड्याने सांगितला असेल तर रद्द करायला लावू नका, लहानसा मागवा. फ्रिज सरकवून त्याच्या मागे, भिंतीपासून हातभर अंतरावर, एक फूट बाय एक फूट एवढंच फोडा. त्या दिवशी तुम्ही मैत्रिणीकडे, आणि काळं काही दिसलं तर काम तिथेच बंद. फरशी किती जाड, काँक्रीट किती, खाली सोलिंग आहे की नुसती माती, ओल आहे का, पाइप लागतो का, सगळं पट्टी धरून फोटोसकट लिहून ठेवा. कदाचित जुनं सोलिंग उत्तम निघेल आणि दहा टनांचे सहा होतील. खड्डा काँक्रीटने बुजवा, फ्रिज जागेवर.

आणि बाबांना सांगा, येताना त्यांची ती लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन या. स्वयंपाकघर, पॅसेज आणि मागचं दार यांतून एकच पाणसळ रेघ मारायची आहे, जमिनीपासून मीटरभर उंचीवर, आणि त्या रेघेपासून प्रत्येक उंबरठा आणि जिन्याची पहिली पायरी मोजायची आहे, कारण टाइलचा माथा दोन बोटं जरी वर आला तरी पहिली पायरी आखूड होते आणि रात्री बाळाला घेऊन उतरणारा माणूस तिथेच अडखळतो. हे काम व्हिडिओ बघून येत नाही. बाबांना येतं.